हर्णै-अंजर्ले : दोन दिवसांत आई-वडिलांसह काय पाहता येईल?

प्रश्न :
डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन दापोलीमार्गे हर्णैला जाण्याचा विचार आहे. वडिलांना सुवर्णदुर्ग पाहायचा आहे, परंतु आईचे गुडघे दुखतात. मुक्काम हर्णैत करावा की अंजर्ल्यात?

उत्तर १ :
मुक्काम अंजर्ल्यात करावा. हर्णै हे मासेमारीचे गजबजलेले बंदर आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर होणारा मासळीचा लिलाव जरूर पाहावा, पण वास आणि गर्दी सोसत तेथे राहण्याचे कारण नाही. सुवर्णदुर्गासाठी हर्णैहून होडी मिळते, मात्र किल्ल्याला धक्का नसल्यामुळे गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, म्हणून आईंना नेऊ नये. वडिलांनी गेल्यास महादरवाजाच्या पायरीवरचे कासव आणि बाजूच्या तटावरचा मारुती चुकवू नये. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक आहे.

उत्तर २ :
आईंनाही सुवर्णदुर्ग दिसेल, तोही अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उभे राहून. गाडी थेट वर जाते आणि तेथून खाडी, माडांची बने व समुद्रातला किल्ला एका नजरेत येतो. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. शिवाय बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे सुवर्णदुर्गाच्या पाठराखणीसाठी किनाऱ्यावर बांधलेले कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन किल्ले. फत्तेगडावर आता वस्ती आहे, कनकदुर्गावर दीपगृह आहे; तटबंदी पाहायची असेल तर गोवा किल्ल्यावर जावे. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून हा मुलूख घेतला, हे ठाऊक असले की पाण्यातला एक आणि जमिनीवरचे तीन अशी ही मांडणी नीट उमगते.

उत्तर ३ :
दापोली-हर्णै वाटेवरच्या आसूद गावातल्या केशवराज मंदिराबद्दल सावध करतो. पोफळीच्या बागांतून उतरून, साकव ओलांडून, पुन्हा बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. आईंना त्याच गावातल्या व्याघ्रेश्वराचे दर्शन घडवावे, ते सोपे आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. वडील सकाळी होडीने जातील, तेवढा वेळ आई आणि मी कड्यावर बसून राहू.