नाकाने कांदे सोलणारं नाक असं काही नसतं

पाऊलवाट: काल इथे जुनाखातेदार यांनी लिहिलं की नाकाचा शेंडा वर आणि डाव्या नाकपुडीशी बारीक चुणी असेल, तर माणूस हमखास शिष्ट निघतो. चुणीला नावही दिलं, 'कांदेचुणी'. वर सल्ला, की असा चेहरा मुलाखतीला आला तर चहा पाजून परत पाठवा. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, 'नाकाने कांदे सोलतो' हे आपण वागणं बघून म्हणतो, नाक बघून नाही! माझ्या डाव्या नाकपुडीशी अशीच चुणी आहे. सहा वर्षांची असताना पत्र्याच्या दारावर आदळले, तीन टाके पडले. त्या टाक्यांवरून माझा स्वभाव ठरवणार? १८३१ साली बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय डार्विनला नाकावरूनच नाकारायच्या बेतात होता. असं नाक असलेल्या माणसात सफरीला लागणारी धमक नसणार, ही त्याची शंका. डार्विनने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय.

जुनाखातेदार: ताई, डार्विनपर्यंत जायची गरज नव्हती. तीस वर्षं कारखान्यात माणसं घेतली आहेत मी. आपल्याकडे सामुद्रिक, म्हणजे अंगलक्षणांवरून माणूस ओळखायचं शास्त्र, उगाच नाही लिहिलं कोणी. कांदेचुणीवाले चार जण घेतले, चौघांनी पहिल्याच महिन्यात फोरमनला शहाणपण शिकवलं.

पाऊलवाट: आणि चुणी नसलेल्या किती जणांनी शिकवलं? ते मोजलंत?

बोरन्हाण: माझ्या बाबांना बेल्स पाल्सी झाली. चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. बहुतेकांचं काही महिन्यांत ठीक होतं, बाबांचं पूर्ण झालं नाही. हसले की फक्त डावा कोपरा वर जायचा. नव्या साहेबाने 'कुत्सित हसता' म्हणून त्यांना काउंटरवरून उठवून आतल्या खोलीत बसवलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. निरोपाच्या फोटोत बाबा सगळ्यांच्या मागे उभे आहेत.

जुनाखातेदार: आजारपणाचं वेगळं. ते मी कुठे म्हटलं?

बोरन्हाण: साहेबाला आजारपण दिसलं नव्हतं. तुम्हाला दारात उभ्या माणसाचं दिसणार आहे का?

मीठभाकर: नोकरीचं सोडा, 'नाकीडोळी नीटस' वर बोला कोणी तरी! एका ठिकाणी मुलाच्या आत्याने मला मान वळवून बसायला लावलं. बाजूने नाक बघायचं होतं त्यांना. मग पोह्यांची बशी हातात धरून म्हणाल्या, 'नाक फेंदारलेलं आहे, तोऱ्यात राहील.' मी तेव्हा तोंडातून शब्दही काढला नव्हता. मुलाच्या नाकाबद्दल जाहिरातीत एक अक्षर नसतं. त्याचा पगार असतो.

तिठा: धागा भरकटतोय. आणि नीटस म्हणण्यात वाईट काय? माझ्या मुलीच्या बायोडेटात मीच लिहिलंय.

मीठभाकर: काका, मुलाकडच्यांना त्याच्या नाकाबद्दल विचारलंत?

तिठा: उंची विचारली. पगार विचारला. उगाच आवाज चढवू नका.

मीठभाकर: चढवणारच. ती मान वळवून बसलेली मुलगी मी होते.

पोथीपान: आत्याबाई एकट्या नव्हत्या. रिस्ले नावाच्या गोऱ्या साहेबाने नाकाची रुंदी आणि उंची मोजून आपल्या जातींची उतरंड लावली. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा हिशोब. हाच माणूस १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. आणि आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध निघावा, अशी गुरूची अपेक्षा. तसा निघाला नाही, आणि बाईंनी गुरूची भीड न धरता ते मांडलं.

जुनाखातेदार: कर्वेबाईंनी पुढे महाराष्ट्रातही माणसं मोजलीच की.

पोथीपान: मोजली, मान्य. पण नाकावरून कोण शिष्ट ते नाही ठरवलं.

तिठा: 'नाकीडोळी नीटस' काढतो बायोडेटातून. मुलीलाही आवडलं नव्हतं. पण मीठभाकर, तुमची भाषा मला पटलेली नाही.

जुनाखातेदार: ठीक आहे, मुलाखत सगळ्यांची घ्यावी. 'कांदेचुणी' शब्दही मागे घेतो. अनुभव मात्र मागे घेणार नाही.

पाऊलवाट: ते चौघं आता कुठे आहेत?

जुनाखातेदार: तिघं सोडून गेले. एक तिथेच फोरमन आहे. काम चोख करतो. पण शिष्ट आहेच.