एक्स्पोर्ट मॅनेजरच्या सहीचा अधिकार परदेशी पार्टीला कसा दाखवायचा? सीएस (कंपनी सेक्रेटरी) सुचवा

शिरोली_नाका
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. इटलीच्या एका गिऱ्हाइकाला पंपाची कास्टिंग जातात. इतके दिवस पीओवर, म्हणजे एकेका खरेदी ऑर्डरवर, काम चाललं, आता तीन वर्षांचं सप्लाय अ‍ॅग्रीमेंट झालं. त्यावर मालकांच्या सांगण्यावरून एक्स्पोर्ट मॅनेजरनं, म्हणजे मीच, सही केली. आता त्यांच्या वकिलाचा मेल आलाय की ह्या माणसाला सहीचा अधिकार कुणी दिला ते दाखवा आणि कंपनी रजिस्टरचा उतारा जोडा. मालकांनी लेटरहेडवर 'हे आमचे मॅनेजर, यांची सही चालेल' असं लिहून शिक्का मारून दिलं. ते परत आलं. उतारा म्हणजे काय सातबारा मागतात का? डायरेक्टर तीन: दोघे भाऊ आणि वहिनी. थोरले माउलींच्या पालखीबरोबर फलटणच्या पुढं आहेत, मीटिंग कशी लावायची? कोल्हापुरातला कोणी चांगला सीएस सांगा.

उद्यमनगरी
भावा, एवढं काय टेन्शन. सहीच्या आधीची तारीख टाकून ठराव टाईप कर, धाकट्या मालकांची सही घे, पाठवून दे. कोण बघतंय तिकडं!

सीएस_राजारामपुरी
उद्यमनगरी, असले सल्ले चहाच्या टपरीवर द्या, इथं नको. तीन वर्षांनी मालावरून भांडण झालं की सगळ्यात आधी हाच कागद निघतो.

शिरोलीवाले, मागची तारीख अजिबात टाकू नका. आजच्या तारखेचा ठराव करा आणि त्यात दोन गोष्टी लिहा. एक, अमुक तारखेला केलेली सही कंपनी मान्य करून कायम करते. दोन, इथून पुढं अमुक प्रकारचे करार, अमुक रकमेपर्यंत, तुम्ही सही करू शकता. कंपनी कायदा २०१३, कलम २१ प्रमाणे बोर्डानं अधिकार दिलेला कर्मचारी कंपनीच्या वतीनं करारावर सही करू शकतो. म्हणजे अधिकार बोर्डाकडून यायला हवा. मालकांच्या एकट्याच्या पत्रानं भागत नाही, म्हणूनच ते परत आलं.

थोरल्यांसाठी वारी थांबवू नका. कलम १७५ खाली सर्क्युलर ठराव, म्हणजे मीटिंग न लावता मसुदा फिरवून केलेला ठराव, होतो. मसुदा आणि लागणारे कागद तिघांनाही पाठवा, ईमेल चालतो. तिघांपैकी दोघांची संमती आली की ठराव झाला. थोरल्यांना वगळून मात्र पाठवू नका, आणि पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंद घ्या. दोनच डायरेक्टर असते तर दोघांचीही संमती लागली असती.

उताऱ्याचं असं आहे: इटलीत चेंबर ऑफ कॉमर्सच्या कंपनी रजिस्टरमध्ये कंपनीच्या वतीनं कोण सही करू शकतो त्याचीही नोंद असते, म्हणून त्यांना वाटतं आपल्याकडंही तसं असणार. आपल्या एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवरच्या मास्टर डेटात डायरेक्टर दिसतात, एक्स्पोर्ट मॅनेजर दिसत नाही. त्यामुळं साखळी जोडून द्यायची: इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, मास्टर डेटाची प्रिंट, ठरावाची सर्टिफाइड ट्रू कॉपी (खरी नक्कल म्हणून सही केलेली) आणि खाली तुमच्या सहीचा नमुना. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच ठरावात लिहा.

गोकुळ_शिरगाव
ताईंनी सांगितलंय त्यात माझी एक चूक घाला. ज्या ठरावानं मला अधिकार दिला, त्याच्या ट्रू कॉपीवर मीच सही केली होती. पार्टीनं विचारलं, स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देता का? धाकट्या मालकांची किंवा वहिनींची सही घ्या.

अपोस्टिलचंही, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं त्या प्रमाणपत्राचंही, आधी विचारून घ्या. इटलीला चालतं. आम्ही ट्रू कॉपी नोटरी केली, मग चेंबर ऑफ कॉमर्सचं अटेस्टेशन, मग एजंटामार्फत परराष्ट्र मंत्रालय. सरकारी फी कागदाला ५० रुपये, बाकी सगळं एजंट आणि कुरिअर. जर्मनीच्या पार्टीसाठी मात्र हीच वरात काढली आणि पैसे पाण्यात गेले. अपोस्टिलच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली, त्यामुळं आपलं अपोस्टिल तिथं चालत नाही. शेवटी त्यांनी साधी ट्रू कॉपी आणि बँकेनं पडताळलेली सही घेतली. आधी विचारलं असतं तर तेवढ्यावरच काम झालं असतं. दुबईची पार्टी असेल तर अपोस्टिल नाही, वकिलातीचं अटेस्टेशन लागतं.

हुपरी_चांदी
आमची भागीदारी फर्म आहे, बोर्डच नाही. मग?

सीएस_राजारामपुरी
भागीदारीपत्र, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा आणि सगळ्या भागीदारांनी सही केलेलं अधिकारपत्र. तुमच्याकडं उतारा तरी मिळतो.

आणि शिरोलीवाले, मेल पाठवताना तुमच्या नावाखाली नुसतं 'मॅनेजर' लिहू नका. आपल्या कंपनी कायद्यात 'मॅनेजर' म्हणजे जवळजवळ अख्खा कारभार पाहणारा, आणि वकील नेमकं तेच धरून प्रश्न काढतात. ठरावातलं पद अक्षरशः उतरवा. सीएसचं नाव इथं सुचवत नाही, मी स्वतः त्याच धंद्यात आहे. आयसीएसआयच्या, म्हणजे कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या, साइटवर सभासद शोधता येतात.

शिरोली_नाका
ताई, दादा, लई उपकार. वकिलाला विचारलं. त्यांना अपोस्टिल नको, ट्रू कॉपी आणि साखळी पुरे म्हणाले. ठराव तिघांना मेल केला. धाकटे मालक आणि वहिनींचं लगेच आलं. थोरल्यांनी रात्री तंबूतून रेंज मिळाल्यावर 'संमत' एवढंच लिहून पाठवलं, आणि खाली विचारलंय, भट्टीचं लाइट बिल भरलं का?