सलिव्हन फक्त विश्वचषकापुरता नव्हता
रग्बी लीग खेळणाऱ्या क्लाइव्ह सलिव्हनची ओळख १९७२ च्या विश्वचषकापुरतीच, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जवळजवळ अख्खं मैदान धावून त्याने केलेला ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणं) अफाटच होता; १०-१० बरोबरीनंतर साखळीतल्या सरस कामगिरीवर ब्रिटनने चषक नेला, कर्णधार तोच.

पण इंग्लंडमधल्या हल शहरात त्याचं मोठेपण वेगळं आहे. तिथे दोन क्लब, हाडवैर असलेले. हल एफसीसाठी त्याने २५० ट्राय केले, मग हल किंग्स्टन रोव्हर्समध्ये गेला आणि तिथेही शंभरावर! अशा खेळाडूला एरवी गद्दार म्हणतात. याच्यावर मात्र दोन्हीकडच्या लोकांनी जीव लावला. १९८५ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. शहरात शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला आज त्याचंच नाव आहे.