प्रतिसाद: रिकामी गाडीच आधी उलटते

वर कुणीतरी म्हटलंय की वाऱ्यात भरलेल्या ट्रकला जास्त भीती. उलट आहे हो! वाऱ्याला दिसते ती फक्त बाजूची भिंत. आत माल आहे की नाही याच्याशी त्याला काय करायचंय? चाळीस फुटी कंटेनरची एक बाजू साधारण ३० चौरस मीटर. ताशी १०० किमीचा वारा आडवा आला तर ढोबळ हिशोबाने दीड टनाचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. रिकामा कंटेनर स्वतः चार टनांच्याही आत, म्हणून त्याला ट्रेलरला पकडून ठेवणारे कोपऱ्यांचे लॉक नीट लावणं महत्त्वाचं. (आपल्याकडे किती जण तपासतात, ते सोडा.)

रेल्वेचंही तेच. जपानात अमारुबे इथे २८ डिसेंबर १९८६ ला सुमारे ४० मीटर उंच पुलावरून रिकामी गाडी जात होती. जड इंजिन पुलावरच राहिलं, सातही हलके डबे खालच्या खेकड्यांच्या कारखान्यावर कोसळले. कारखान्यातल्या पाच कामगार आणि गाडीचा कंडक्टर असे सहा जण गेले. वाऱ्याच्या इशाऱ्याची घंटा वाजली होती. नियंत्रण कक्षाने गाडी थांबवली नाही. नंतर गाड्या थांबवण्याची मर्यादा सेकंदाला २५ वरून २० मीटरवर, म्हणजे ताशी ७२ किमीवर आणली. गाड्या वारंवार रद्द होऊ लागल्या, लोक वैतागले. शेवटी २०१० मध्ये वारा अडवणाऱ्या भिंतींसह नवा पूल झाला.

कोकण रेल्वेनेही रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांवरच्या पुलांवर वारामापक बसवलेत. यंत्र आहे, पण वाचून गाडी रोखणारा माणूसही हवा ना.