मदत हवी आहे: रीपरने गहू सोंगताना ओंब्या फार पडतात, सारे (शेतातले लांब वाफे) बदलू की यंत्राची जोडणी?

राम राम मंडळी.

आमचं शेत निफाड तालुक्यात. यंदा अडीच एकर ‘लोक १’ जातीचा गहू पहिल्यांदाच ट्रॅक्टरच्या पुढे बसणाऱ्या रीपरने, म्हणजे पीक नुसतं कापून आडवं पाडणाऱ्या यंत्राने, सोंगला. रीपर भाड्याचा, 7 फुटी. ट्रॅक्टर आमचा, 45 एचपीचा. उशिरा पेरलेला अर्धा एकर अजून उभा आहे. गावातले चौघे मिळून असाच रीपर घ्यायचं चाललंय, त्याआधी तुमचा अनुभव हवा आहे.

पंजाबचे हार्वेस्टर इकडे येतात आणि झटपट उरकतात, पण काड मागे उधळून जातात. घरी पाच गाई आहेत, भुसा विकत घेणं परवडत नाही. विळ्याने सोंगायला माणसं वेळेवर मिळत नाहीत, आणि मार्चमध्ये आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. म्हणून रीपरवरच भिस्त आहे.

7 फूट रुंदी आणि ताशी 3 किलोमीटर धरले तर तासाला दीड एकर निघायला हवा. आम्हाला अडीच एकराला 2 तास 40 मिनिटं लागली. वळणांवर वेळ गेला, त्याहून जास्त चांदवेलीने खाल्ला. जिथे ती गव्हावर चढली होती तिथे पात्यांत आणि पट्ट्यात गुंडाळून यंत्र अडायचं. दर वेळी इंजिन बंद करूनच हात घातला. त्या वेळेचं दुःख नाही.

खरी काळजी सांडलेल्या दाण्याची. कापलेला गहू उचलल्यावर 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट चार ठिकाणी टाकून मोजलं. सरासरी 6 ओंब्या आणि 70 सुटे दाणे निघाले. ओंबीला 30 दाणे धरले तर एकूण 250. आमच्या गव्हाचे 1,000 दाणे 40 ग्रॅम भरले, म्हणजे चौरस मीटरला 10 ग्रॅम आणि एकराला 40 किलो. एकरी 16 क्विंटल पिकातले हे अडीच टक्के झाले. मागे वेचायला आई गेली होती, तिने पाटीभर ओंब्या आणून समोर ठेवल्या, तेव्हापासून चैन नाही.

तुटलेल्या ओंब्या बहुतेक वरंब्याच्या कडेला होत्या. आमचे सारे 10 फुटी, यंत्र 7 फुटी, त्यामुळे एक चाक वरंब्यावर चढतं, पात्यांचा दांडा कलतो, एक टोक मातीत घुसतं आणि दुसरं इतकं वर राहतं की ठेंगण्या फुटव्यांच्या ओंब्याच कापल्या जातात. पुढच्या पेरणीला सारे 14 फुटी केले तर यंत्राच्या दोन फेऱ्यांत बसतील, पण पाणी एका अंगाला तुंबेल का? कुणी असे रुंद सारे केलेत का? आणि दुपारी कापण्याऐवजी सकाळी कापल्याने सुटे दाणे कमी होतात का?

प्रतिसाद

दादा, मोजणी छान केलीत, पण एक राहिलं. तीच चौकट उभ्या गव्हातही टाका. वाऱ्याने, पाखरांनी आधीच पडलेले दाणे तुम्ही रीपरच्या नावावर लिहिलेत. ते वजा केल्याशिवाय यंत्राला दोष देऊ नका.

दुसरं, बांधाजवळ किंवा वरंब्यावर ड्रायव्हर रेस कमी करतो का ते बघा. रेस उतरली की पीटीओ (ट्रॅक्टरमधून यंत्राला फिरवणारा दांडा) मंदावतो, त्याबरोबर पाती आणि पट्टाही. मग काड कापलं जाण्याऐवजी ओढलं जातं, ओंबीला हिसका बसतो आणि दाणे झडतात. हळू जायचं तर खालचा गिअर टाका, रेस तीच ठेवा. पाती बोथट असली तरी हेच होतं. सकाळी ओंबी थोडी मऊ असते, झड कमी होते. मात्र दव पूर्ण उतरू द्या, ओलं काड पट्ट्यात अडकतं.

सारे रुंद करायचे तर आधी रान आडवं सपाट करून घ्या. आम्ही तसं न करता केले आणि एका कडेचा गहू पाण्याविना वाळला.

धागाकर्ता

मनापासून आभार. आजच उभ्या अर्ध्या एकरात चौकट टाकली, तिथे सरासरी 25 दाणे आधीच खाली होते. म्हणजे 70 मधले 45 यंत्राचे. ओंबी मात्र एकही नव्हती, त्या सगळ्या रीपरच्याच. रेसचं अगदी बरोबर निघालं, ड्रायव्हर वरंबा आला की पाय काढत होता. परवा सकाळी दव उतरल्यावर हा अर्धा एकर एकाच रेसवर, खालच्या गिअरमध्ये कापतो आणि आकडे इथेच टाकतो. 14 फुटी साऱ्यांत पाणी सारखं बसवलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, रीपर घ्यायचा निर्णय त्यावरच अडला आहे.