मदत हवी आहे: इमर्जन्सीत इंजेक्शनची अदलाबदल कशी टाळता?

मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे, सहाच महिने झालेत. परवा रात्री ॲलर्जीचा पेशंट आला, ओठ सुजलेले, श्वास घेता येईना, डॉक्टर म्हणाले ॲड्रेनलिन अर्धा एमएल मांडीत दे, मी पटकन भरलं आणि टोचणार तेवढ्यात सिनिअर सिस्टरनी अँप्यूल बघायला मागितली तर ती ॲट्रोपिनची, म्हणजे वेगळ्याच औषधाची निघाली. दोन्ही छोट्या काचेच्या, ट्रेमध्ये शेजारीशेजारी. पेशंट बरा आहे पण माझी झोप उडालीये.

आता ऑर्डर मोठ्याने परत बोलते, रिकामी अँप्यूल सिरिंजसोबतच ठेवते. पण सीपीआर चालू असताना तिघं एकदम ओरडतात तेव्हा काय करायचं? ॲड्रेनलिनचंच बघा ना, मोठ्या माणसाला ॲलर्जीत ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत आणि अरेस्टमध्ये (हृदय बंद पडलं की) १ मिग्रॅ शिरेतून दर ३ ते ५ मिनिटांनी, ॲलर्जीवाल्याला तोच डोस घाईत शिरेतून गेला तर जीवावर बेतेल.

तुम्ही ट्रे कसा लावता? नाईटला एकटी असताना डबल चेक कोणाकडून करून घेता? आणि लहान मुलांचे वजनाप्रमाणे डोस भिंतीवर लावलेत का कोणी? प्लीज सांगा, उद्या परत नाईट आहे.