केली-हॉपकिन्सव्हिल १९५५ : 'अकरा साक्षीदार' म्हणजे नक्की किती?

रानपिंगळा (प्रश्न)
अमेरिकेच्या केंटकी राज्यातलं हे प्रकरण इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. २१ ऑगस्ट १९५५, रविवारची रात्र. केली गावाजवळचं शेतावरचं घर, आत लहानमोठी अकरा माणसं. साधारण साडेतीन फुटी, मोठाल्या कानांचे, पिवळ्या चमकत्या डोळ्यांचे 'प्राणी' घराभोवती फिरतात. पुरुष २० गेजची शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) आणि पॉइंट टू-टू रायफल चालवतात. अकराच्या सुमारास सगळे दोन गाड्यांत कोंबून बसतात आणि हॉपकिन्सव्हिलचं पोलीस ठाणं गाठतात.

एक बाजू म्हणते, अकरा माणसं मिळून खोटं कसं बोलतील? दुसरी म्हणते, घुबडं होती, विषय संपला. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. इथे साक्षीदारांची विश्वासार्हता टप्प्याटप्प्याने कशी तोलायची? कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं आणि कशाच्या आधारावर?

साक्षीपुरावा
सुरुवात त्या अकरापासूनच करा. घरात अकरा जण होते, पाहणारे तेवढे नव्हते. मुलांना पलंगाखाली दडवलं होतं, एका तरुण बाईने भीतीने बाहेर बघितलंच नाही. म्हणून माणसं मोजू नका, विधानं मोजा. प्रत्येक विधानाची एक ओळ करा आणि तिच्यापुढे पाच रकाने: कोणी पाहिलं, किती अंतरावरून, उजेड कुठून होता, पहिली नोंद किती तासांनी झाली, आणि तोवर साक्षीदार आपसांत बोलले होते का.

हा तक्ता भरायला घेतलात की पहिल्याच ओळीला मोठी गोष्ट हाती लागते. आकाशातून चमकती वस्तू येऊन ओहोळाच्या बाजूला उतरली, हे पाहणारा माणूस एकच. तो त्या घरी पाहुणा होता, संध्याकाळी सातच्या सुमारास विहिरीवर पाणी आणायला गेला होता. घरच्यांनी तेव्हा त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं, बघायलाही कोणी गेलं नाही. म्हणजे 'यान' या विधानाला साक्षीदार एक, दुजोरा शून्य. तासाभराने कुत्रं भुंकायला लागलं तेव्हा मात्र तेच यान सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. पुढचं सगळं त्यांनी त्या चौकटीतून पाहिलं. पाहुणा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. उल्का पाहणाऱ्याला ती हमखास 'पलीकडच्या झाडीत' पडल्यासारखी वाटते, कारण ती क्षितिजाआड जाताना अंतराचा अंदाज येत नाही.

दुसरं म्हणजे प्रामाणिकपणा आणि अचूकपणा यांचे गुण वेगवेगळे द्या. प्रामाणिकपणात ही मंडळी वरच्या नंबरात येतात. ती वर्तमानपत्राकडे गेली नाहीत, रात्रीची पोलिसांकडे गेली, लेकराबाळांसकट. पोलीसप्रमुख रसेल ग्रीनवेल यांना ती खरोखर घाबरलेली वाटली, घरात दारू प्यायल्याची खूणही दिसली नाही. पण घाबरलेल्या माणसाचा अचूकपणा वाढत नाही, घटतो. ग्रीनवेल यांची साक्ष भीतीबद्दल आहे. बाहेर काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

तांबट
घुबडाच्या बाजूने मुद्दा नीट मांडतो, कारण तो नेहमी एका वाक्यात उरकला जातो. तिथला ग्रेट हॉर्न्ड आऊल हा आपल्याकडच्या शृंगी घुबडाचा जातभाई, प्रजात एकच, बुबो. डोक्यावर दोन ठळक पिसांचे तुरे, मोठे पिवळे डोळे, पायांना लांब नख्या, उडताना आवाज जवळजवळ नाही. आपल्या हद्दीत कोणी आलं तर पंख फैलावून अंगावर येतो. आता साक्षीतलं वर्णन शेजारी ठेवा: टोकदार मोठे कान, पिवळे डोळे, वर केलेले हात, झाडावरून तरंगत खाली येणं, काटकुळे पाय. अशा दाव्यांची चिकित्सा करणारे संशयवादी लेखक जो निकेल यांनी २००६ मध्ये हीच जुळणी मांडली होती.

सर्वात जवळचा प्रसंग छपराचा. एक पुरुष दाराबाहेर पडला आणि पुढच्या छोट्या छपरावरून नख्यांचा 'हात' खाली येऊन त्याच्या केसांना लागला. छपराच्या कडेवर बसलेला पक्षी खाली पाय सोडतो तेव्हा खालून नेमकं हेच दिसेल: काटकुळा दांडा आणि टोकाला आकड्या. बाकीचं शरीर कडेआड.

अडचण उंचीची आहे. हा पक्षी जास्तीत जास्त दोन फुटांच्या आसपास, साक्षीत साडेतीन. अंधारात, शेजारी मापाला काही नसताना एवढी चूक सहज होते. खिडकीशी दिसलेल्या आकृतीला मात्र चौकटीचं माप होतं. म्हणून झाडावरच्या आणि अंगणातल्या अंदाजापेक्षा खिडकीतल्या अंदाजाला जास्त वजन द्या. दोन्ही एकाच ओळीत घालू नका.

साक्षीपुरावा
@तांबट, छपराचा मुद्दा पटला. पण गोळ्यांचा हिशोब तुमच्या बाजूनेही लावा. वीस फुटांवरून २० गेजच्या छर्ऱ्यांचा पसारा वीतभर किंवा त्याहून कमी असतो. तेवढ्यात घुबड सापडलं तर पिसं उडतील, रक्त सांडेल. पोलिसांना खिडकीच्या जाळीला पडलेलं भोक आणि झाडलेली काडतुसं मिळाली, रक्त नाही. मग बहुतेक नेम चुकले असं धरावं लागतं. तसं धरलं की 'गोळी लागल्यावर पत्र्याच्या बादलीवर आपटल्यासारखा आवाज आला' या विधानाचं वजनही उतरतं. एकाच वेळी 'गोळ्या लागल्या' आणि 'घुबड होतं' असं म्हणता येत नाही.

शोध घेतला तोही रात्री, विजेऱ्यांच्या उजेडात, वीसेक माणसांच्या पायांखाली. त्यात फोर्ट कॅम्पबेल या लष्करी तळाचे लष्करी पोलीसही होते. अशा शोधात काही न सापडणं हा हलका पुरावा, कोणत्याही बाजूने.

नक्षत्रवेडा
उजेडाच्या रकान्यासाठी: २० जून १९५५ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. साडेएकोणतीस दिवसांचे दोन फेरे मोजले की पुढची अमावास्या १७-१८ ऑगस्टला येते. २१ ला चंद्र चौथीच्या आसपासची बारीक कोर, संध्याकाळनंतर लवकरच मावळणारी. रात्री उशिराच्या सगळ्या प्रसंगांना चांदण्याची मदत नव्हती, जो काही उजेड होता तो घरातला. डोळे 'पेटलेले' दिसायला उजेड पाहणाऱ्याच्या बाजूनेच पडावा लागतो, आणि इथे तो तसाच पडत होता.

जुनी_कात्रणं
नोंद कधी झाली, हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, 'केंटकी न्यू एरा' या स्थानिक वर्तमानपत्राच्या मथळ्यात बारा छोटी माणसं आली. साक्षीदारांनी एका वेळी दोनपेक्षा जास्त पाहिल्याचं सांगितलेलं नाही. रंगाचंही तसंच. त्यांच्या सांगण्यात चकाकता, चांदीसारखा धातू आहे, हिरवा नाही. 'हिरवी माणसं' नंतर चिकटली. जो कोणी बारा आणि हिरवा हे दोन शब्द वापरतो त्याने मूळ साक्ष वाचलेली नाही, असं खुशाल समजा.

उलट बाजूने 'पैशासाठी केलं' हा आरोप तपासताना क्रम बघा. आधी पोलीस, मग बातमी, मग बघ्यांची झुंबड, आणि त्यानंतर कुटुंबाने लावलेली प्रवेशाची पाटी. पन्नास सेंट आत यायला, माहितीला आणि फोटोला वेगळे. पाटी शेवटी आली, तिच्यावरून पहिल्या रात्रीचा हेतू ठरवणं चूक आहे. घरातल्यांपैकी काहींनी जत्रेत काम केलं होतं, या गोष्टीलाही मी वजन देत नाही. ते 'प्राणी' म्हणजे जत्रेतून सुटलेली माकडं, हा तर्क तिथूनच निघाला, पण माकड कोणालाच सापडलं नाही.

रानपिंगळा
तक्ता करायला घेतला आहे. एकच शंका. बड लेडविथ या रेडिओ स्टेशनच्या माणसाने दुसऱ्या दिवशी साक्षीदारांकडून चित्रं करून घेतली. बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं, तरी ती बरीच जुळली. हे स्वतंत्र दुजोरे धरायचे का?

साक्षीपुरावा
अर्धवट धरा. लेडविथ यांनी फार मोलाचं काम केलं. काही पुरुष दिवसभर इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला गेले होते, त्यामुळे दिवसभरात गोष्टी एकमेकांत मिसळल्या नाहीत. पण त्याआधीची अख्खी रात्र सगळे एकत्र होते. ठाण्यात, परतीच्या वाटेवर, आणि पोलीस गेल्यावर पहाटेपर्यंत पुन्हा त्याच घरात. म्हणून चित्रं जुळली यावरून एवढंच सांगता येतं की सकाळपर्यंत सगळ्यांचं एकच वर्णन ठरलं होतं. ते पाहण्यातून ठरलं की बोलण्यातून, हे चित्रं सांगत नाहीत.

जास्त वजन द्यायचं असेल तर पोलीस गेल्यानंतरचा प्रसंग घ्या. घरातली वयस्क आई पलंगावर पडून खिडकीकडे बघत होती. तोवर गोंधळ ओसरला होता, अंतर कमी होतं, चौकटीचं माप होतं. हीच बाई वर्णन करताना घरातल्याच वस्तूंचा आधार घेते: डोकं आणि बारीक पाय लावलेला पाच गॅलनचा पेट्रोलचा डबा, चकाकी फ्रिजसारखी. ग्रहांचं, यानांचं नाव नाही. असं बिनसजावटीचं विधान तक्त्यात सर्वात वर ठेवा. आणि मग तांबटना विचारा की खांदे पाडून खिडकीबाहेर बसलेलं घुबड समोरून डब्यासारखं दिसतं का.

तांबट
दिसतं. मान आखडून बसलं की डोकं थेट धडावर ठेवल्यासारखं, कंबर नाहीच. पण धातूची चकाकी मला पिसांत बसवता येत नाही. ती ओळ माझ्या बाजूने रिकामी ठेवा.